चिंचेने घासलेली पुंगळी

दिवाळीला आठ-दहा दिवस उरले की आमच्या घरी माळ्यावरची पितळेची भांडी खाली येत. घागर, हंडा, परात, समया, निरांजने, पळी-पंचपात्री, एक भलेमोठे घंगाळ आणि वर्षभर कुणाला आठवणही न होणारे पानसुपारीचे तबक. विहिरीच्या काठाशी ही सारी पंगत मांडली जाई. आदल्या रात्री भिजत घातलेली जुनी चिंच, चुलीतली चाळलेली राख आणि नारळाची शेंडी एवढे साहित्य घेऊन आजी पदर खोचून बसे. काळवंडलेल्या घागरीवर चिंचेचा हात फिरला की ज्या वाटेने हात जाई त्या वाटेने पितळ उघडे पडत जाई. आम्हां पोरांना ते जादूसारखे वाटे. चिंचेत आम्ल असते आणि ते पितळेवरची काळी पुटे विरघळवते, हे पुष्कळ पुढे कळले.

ह्या पंगतीत एक लहानसे परके भांडे असे. करंगळीपेक्षा जरा जाड, खाली रुंद आणि वर मान आवळलेले. माझे चुलत आजोबा पलटणीत होते. त्यांनी केव्हातरी खिशात घालून आणलेली ती थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती. देवघराच्या कोनाड्यात ती उभी असे आणि तिच्यात उदबत्ती खोचली जाई. आजी तिला ‘भाऊजींचा पेला’ म्हणे आणि तीही दर दिवाळीला चिंच लावून घासली जाई.

एका वर्षी आजीने तो पेला घासून लख्ख केला, उन्हात धरला आणि म्हणाली, ‘‘हिला चीर गेली की रे!’’ खरोखरच पुंगळीच्या मानेपासून खाली केसाएवढी बारीक चीर उतरली होती. उदबत्तीपलीकडे त्या पुंगळीला वर्षानुवर्षे कसले काम नव्हते. घरात पोर मी एकटाच हाताशी असल्यामुळे आळ माझ्यावर आला. ‘‘पाडलीस ना? खरे सांग.’’ मी पाडली नव्हती. पण ठेवल्या जागी पितळ आपोआप फुटते, ह्यावर आजीच काय, मीही विश्वास ठेवला नसता.

वाचकांना वाटेल, सणासुदीच्या अंकात हे काडतुसाचे पुराण कशाला? त्याला माझा नाइलाज आहे. माझ्यावरच्या त्या आळाचा निकाल लागायला बरीच वर्षे गेली, आणि तो लागला तो इतिहासाच्या पुस्तकांतून. पितळेची पुंगळी, ती घासण्याची रीत, आणि घासून लखलखीत केली तरी आत दडून राहणारे तिचे दुखणे, ह्या तिन्ही गोष्टी इतक्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत की एक ओढली की दुसरी येते.

आधी शब्दाची गोष्ट. ‘काडतूस’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या ‘कार्तूश’ ह्या शब्दावरून आला. मुळात हे काडतूस कागदाचे असे. कागदाच्या नळकांड्यात मोजून दारू आणि पुढे शिशाची गोळी. शिपायाने टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. कागदाला ओल लागू नये आणि गोळी सहज सरकावी म्हणून त्याला चरबी चोपडीत. ह्याच चरबीने १८५७ साली काय घडवले ते शाळेतला मुलगाही सांगेल. पण त्याआधीची एक हकीकत मुले फारशी वाचत नाहीत. त्या वर्षीच्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडमच्या छावणीत एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ पाणी पिण्यासाठी त्याचा लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून तो नाकारला. तेव्हा खलाशी म्हणाला की आता तुमची जात उरते कुठे, लवकरच तुम्हांला गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे दाताने तोडावी लागणार आहेत. हे बोलणे छावणीभर झाले आणि वरपर्यंत कळवले गेले. म्हणजे काडतुसाची ही कथा आपल्याकडे एका लोट्यापासून सुरू होते म्हणायला हरकत नाही.

कागद गेला आणि धातू आला तो पुढच्या दहा वर्षांत. इंग्लंडात वुलविच येथील शाही प्रयोगशाळेचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर ह्यांनी १८६६ च्या सुमारास स्नायडर रायफलीसाठी जे काडतूस काढले ते पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेले होते. पत्रा गुंडाळून केलेली वस्तू शेवटी गुंडाळीच. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीलाही हीच गुंडाळी दिली गेली. १८८५ साली सुदानच्या लढाईत वाळू-धूळ आणि तापलेली नळी ह्यांच्यामध्ये ती अडकून बसू लागली. अंगावर शत्रू आणि हातात अडकलेली बंदूक, ही अवस्था ज्यांनी भोगली त्यांतले काही सांगायला उरले नाहीत. त्यानंतर सरकारी कागदपत्रांना जाग आली आणि ब्रिटिश फौजेत एकसंध, ओढून घडवलेली पितळी पुंगळी रूढ झाली.

पितळच का? इथे आपल्या घरातल्या भांड्यांचा गुण उपयोगी पडतो. काडतुसाच्या पितळेत शंभर भागांत सत्तर तांबे आणि तीस जस्त असते. हे पितळ मऊही असते आणि त्याला लवचीक ताणही असतो. गोळी सुटते तेव्हा पुंगळीच्या आत प्रत्येक चौरस इंचावर चाळीस हजार पौंडांहून अधिक दाब येतो. त्या दाबाने पुंगळी फुगते आणि नळीच्या घराला घट्ट चिकटून बसते, म्हणून जळता वायू मागे शिपायाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरताच ती किंचित आकसते आणि ओढली की बाहेर येते. फुगायचे, पण फाटायचे नाही. आकसायचे, पण पूर्ववत व्हायचे नाही. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच हे सारे घडून जाते.

ती घडते कशी हे आपल्या तांबटाला सांगितले तर त्याला नवल वाटणार नाही. पुण्याच्या तांबट आळीत आजही भांडे ठोकणारा कारागीर काही वेळ ठोकतो आणि मग भांडे भट्टीत तापवतो. ठोकून ठोकून धातू ताठ होतो, हटवादी होतो. त्याला ताव दिला की पुन्हा ऐकू लागतो. पुंगळीचेही तसेच. पितळेच्या जाड पत्र्याची चकती कापायची, तिची वाटी करायची, आणि ती वाटी साच्यातून ओढून ओढून लांब करायची. दर ओढीनंतर तिला ताव द्यायचा, तावाने आलेले काळे पूट पातळ गंधकाच्या तेजाबात धुवायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी बूड ठोकून कडक ठेवायचे, कारण तिथे दाब सोसायचा असतो, आणि मान ज्योतीवरून फिरवून मऊ करायची. पुण्याजवळ खडकीला १८६९ साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला. खानदेशात वरणगावचा कारखाना १९६४ चा. अशा कारखान्यांत ज्यांच्या घरच्या दोन-दोन पिढ्या राबल्या, त्यांना ह्या वाटी-ओढीचे अप्रूप नाही.

आता घासण्याकडे वळू. तेही रणांगणात नव्हे, शिकारीत सुरू झाले असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

काळी दारू म्हणजे आपल्या फटाक्यातलीच दारू. शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. ही जळते तेव्हा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता राख-काजळी होऊन मागे राहतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंगण झाडताना जो करडा, ओलसर, कुजक्या वासाचा केर सुपलीत येतो, तोच हा. तो हवेतली ओल ओढून घेतो आणि पितळ खातो. म्हणून उडवलेली पुंगळी पुन्हा वापरायची तर ती त्याच दिवशी साबणाच्या पाण्यात टाकायला हवी. १८७० नंतर अमेरिकेच्या मैदानांत बायसनांचे कळप मारणारे शिकारी हेच करीत. शहरापासून शेकडो मैल दूर, नवी काडतुसे महाग. म्हणून दारू आणि शिसे घाऊक न्यायचे, पुंगळ्या जपायच्या आणि रात्री तळावर बसून धुऊन, पुसून, पुन्हा भरायच्या. आपली बाई उष्टी भांडी रात्री घासून टाकते, त्या शिस्तीने हे दाढीवाले लोक पुंगळ्या घाशीत. त्यांच्या ह्या काटकसरीने पितळ पुष्कळ वाचले. बायसन मात्र दहा-बारा वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले.

१८८४ साली जॉन बार्लो नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत न्यू हेवन येथे ‘आयडियल’ नावाचा कारखाना काढला आणि पुंगळी पुन्हा भरण्याची हत्यारे विकायला सुरुवात केली. त्याचे मुख्य हत्यार पाहिले तर आपल्याला स्वयंपाकघरातली सांडशी आठवते. एकाच सांडशीत जुनी टोपी काढायची, नवी बसवायची आणि गोळी दाबायची सोय.

ह्या टोपीच्या कथेत एक मौज आहे. पुंगळीच्या बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी दोन तऱ्हांची. एक त्याच इंग्रज बॉक्सरसाहेबांची, दुसरी हायरम बर्डन ह्या अमेरिकन गृहस्थाची. दोन्ही १८६६ च्या सुमाराच्या. बॉक्सरच्या तऱ्हेत टोपीची ऐरण टोपीतच असते आणि पुंगळीला मधोमध एकच भोक. त्यातून सळई घातली की जुनी टोपी टपकन बाहेर. बर्डनच्या तऱ्हेत ऐरण पुंगळीच्याच अंगाला असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन बारीक भोके, म्हणून टोपी काढणे कटकटीचे. आता इंग्रजांनी इंग्रजाची आणि अमेरिकनांनी अमेरिकनाची तऱ्हा घ्यावी की नाही? झाले उलटे. अमेरिकेने बॉक्सरची टोपी उचलली, आणि युरोपातल्या फौजांनी बर्डनची. परिणाम असा की घरी बसून पुंगळ्या धुण्या-भरण्याचा छंद अमेरिकेत जितका फोफावला तितका दुसरीकडे फोफावला नाही. आमच्या कोनाड्यातल्या पुंगळीत उजेडाकडे धरून डोकावले की आत दोन बारीक भोके दिसत. लहानपणी मी त्यांना डोळे म्हणत असे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळ्या दारूच्या जागी बिनधुराची दारू आली. तिने काजळी मागे राहत नाही, पुंगळी आतून कशी स्वच्छ! पुंगळ्या जपणाऱ्यांना आनंद व्हायला हवा होता. पण झाले भलतेच. धुतलेल्या, पुसलेल्या, दिसायला निर्दोष पुंगळ्या दुसऱ्यांदा उडवताच फाटू लागल्या. पितळ बिस्किटासारखे मोडू लागले. अमेरिकन लष्कराच्या फिलाडेल्फियातल्या फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये ह्याचा शोध घेतला गेला आणि अपराधी सापडला तो टोपीत. टोपीतल्या स्फोटक द्रव्यात पारा होता. टोपी उडाली की तो मोकळा होई. पूर्वी काळ्या दारूची भरपूर काजळी त्याला शोषून घेई. आता काजळीच नाही, तेव्हा पारा थेट पितळेत मुरे. ताप मोजायची काचेची नळी फुटली की घरातल्या बाया सोन्याच्या बांगड्या घातलेला हात मागे का घेतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्यापेक्षा अधिक सांगायला नको. ज्या काजळीला लोक इतकी वर्षे शिव्या देऊन धूत होते, तीच पितळेचे रक्षण करीत होती! पुढे टोप्यांतून पारा काढून टाकावा लागला.

पहिल्या महायुद्धात हे धुण्या-घासण्याचे काम छंद राहिले नाही. तोफेच्या गोळ्यामागची पितळी पुंगळी चांगली हातभर लांब; एकेका लढाईत त्यांचे डोंगर साचत. तांबे आणि जस्त समुद्रावरून आणायचे तर खाली पाणबुड्या टपलेल्या. तेव्हा ब्रिटिशांनी रिकाम्या पुंगळ्या गोळा करून मायदेशी परत नेल्या. तिथे त्या धुऊन, तपासून, आकारात आणून पुन्हा भरीत, आणि बुडावर किती वेळा वापरली त्याची खूण ठोकीत. युद्धावर न गेलेल्या बायका कारखान्यांत हे काम करीत. ज्या थोड्या पुंगळ्या परत गेल्या नाहीत त्या शिपायांनी नक्षी कोरून फुलदाण्या केल्या. आपल्याकडेही जुन्या लष्करी घराण्यांच्या दिवाणखान्यात अशी एखादी फुलदाणी दिसते, आणि पाहुण्यांपैकी एक तरी तिला देवळातले भांडे समजतो.

आता हिंदुस्थानातल्या पावसाळ्याकडे येऊ. माझा खटला इथेच उभा राहिला.

ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात एक जुनी तक्रार होती. पावसाळ्यात मोहिमा थांबत. काडतुसे कोरड्या जागी ठेवायची म्हणून ती पागेत, घोड्यांच्या तबेल्यात ठेवली जात. छावणीत तेवढेच काय ते पक्के छप्पर. चार महिन्यांनी पेट्या उघडाव्यात तो कितीतरी काडतुसांना चिरा गेलेल्या. कुणी हात लावला नाही, कुणी आदळली नाही. बहुतेक चिरा मानेवर, जिथे पुंगळीने गोळी आवळून धरलेली असते तिथे. चीर गेली की दारूला ओल लागणार; आणि ऐन वेळी अशा काडतुसावर भिस्त ठेवून उभे राहणारा शिपाई म्हणजे तुमच्या-आमच्या गावचाच कुणीतरी. ह्या रोगाला इंग्रजांनी ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणजे ऋतूची चीर असे नाव देऊन टाकले. नाव दिले की अर्धा रोग समजला असे सरकारी खात्यांना नेहमीच वाटते.

बरे, सगळीच काडतुसे फुटत नसत. एकाच पेटीतली काही फुटत, काही धड राहत. पितळ वाईट म्हणावे तर तेच पितळ दुसऱ्या ठिकाणी वर्षानुवर्षे चांगले राही. हवा वाईट म्हणावी तर त्याच हवेत पितळेची इतर भांडी खुशाल असत. अखेर १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन ह्या तिघा इंग्रज शास्त्रज्ञांनी ह्याचा उलगडा प्रसिद्ध केला. अपराधी एक नव्हता, दोन होते. आणि दोघे एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नव्हता.

पहिला अपराधी पितळेच्या आतच बसलेला. धातू थंडा असताना ओढला, दाबला, वळवला की त्याच्या अंगात ताण भरून राहतो. बाहेरून काही दिसत नाही. कपाळाला आठी न घालता घरचे सगळे सोसणारी माणसे आपण पाहतो, तसे ते पितळ. नुसत्या ह्या ताणाने ते फुटत नाही. दुसरा अपराधी हवेतला अमोनिया. कल्हईवाला तापल्या भांड्यात नवसागराची चिमूट टाकतो तेव्हा जो पांढरा धूर नाकात झोंबतो, त्यात हाच असतो. घोड्याच्या मुतातूनही तो निघतो, आणि पावसाळ्यात दारे-खिडक्या बंद असलेल्या पागेत तो दिवसरात्र कोंडून राहतो. नुसत्या अमोनियानेही धड पितळ फुटत नाही. पण ताणलेले पितळ, ओल आणि अमोनिया ही तिन्ही जमली की तो धातूच्या कणाकणांमधल्या सांध्यांत शिरतो आणि आतला ताण तो सांधा उकलत नेतो. आपण पिशवीची शिवण एका टोकाला उसवली की पुढची आपोआप उसवत जाते, अगदी तसे.

रोग इतका गूढ आणि औषध किती साधे! घडवून झालेल्या पुंगळीला अडीचशे-तीनशे अंशांचा मंद ताव द्यायचा. एवढ्याने तिचा कडकपणा जात नाही, पण आत कोंडलेला ताण निघून जातो. ताण उरला आहे की नाही हे पाहण्याची परीक्षाही आहे: पाऱ्याच्या एका क्षाराच्या द्रावणात नमुना बुडवायचा, ताण असेल तर तो काही मिनिटांत डोळ्यांदेखत चिरतो. ज्या पाऱ्याने आधी घात केला तोच पुढे साक्षीदार म्हणून उभा राहिला.

हे सारे कळल्यावर पुंगळी घासणाऱ्यांच्या नियमांना अर्थ आला. अमेरिकेत हजारो छंदिष्ट लोक आजही हे काम घरी करतात. (आपल्याकडे काडतुसे भरणे हा परवान्याचा आणि कायद्याचा मामला आहे, तेव्हा कुणी उत्साही वाचकाने गच्चीवर प्रयोग मांडू नयेत.) त्यांचे यंत्र म्हणजे टंबलर. कारखान्यांत धातूच्या बारीकसारीक वस्तू लाकडाच्या भुशाबरोबर आडव्या पिंपात घालून फिरवीत, त्या पिंपाचे हे घरगुती पिल्लू. एक प्रकार कोरडा: पिंपात पुंगळ्या आणि अक्रोडाच्या टरफलांचा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा घालायचा आणि काही तास फिरवत किंवा थरथरवत ठेवायचे. पुंगळ्या भरड्यात लोळून लोळून स्वच्छ होतात. टरफल पितळेपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा उठत नाही; आपली नारळाची शेंडी त्याच जातीची. दुसरा प्रकार ओला: पाणी, भांडी घासायचा साबण, सुईच्या टोकाएवढ्या पोलादी काड्या आणि चिमूटभर लिंबाचे सत्त्व. ह्या काड्या आतल्या कोपऱ्यापर्यंत शिरतात आणि पुंगळी आतबाहेर दागिन्यासारखी निघते. लिंबाचे सत्त्व वाचून मला आजीची चिंच आठवली. दोन्ही आम्लेच. आणि आजी जे म्हणे, ‘‘चिंच लावून फार वेळ ठेवू नकोस, पितळ तांबडे पडते,’’ तेच हे लोकही म्हणतात, कारण आम्ल जास्त वेळ राहिले की जस्त निघून जाते आणि तांब्याची लाली वर येते.

त्यांचा कडक नियम असा की बाजारातली अमोनियायुक्त पॉलिशे पुंगळीला कधी लावायची नाहीत. समईला ती चालतात. पुंगळीला पागेतला वारा बाटलीत भरून चोपडण्यासारखे होईल. दुसरा नियम माणसाच्या जिवाचा आहे. आजच्या टोप्यांत पारा नसला तरी बहुतेकींत शिसे असते. कोरड्या पिंपातला भरडा वापरून वापरून काळा होतो, त्या काळ्या धुळीत हे शिसे उतरलेले असते. झाकण काढून तो भरडा चाळायला बसले की धूळ नाकातोंडात जाते. म्हणून जाणती माणसे हे काम उघड्या हवेत करतात, हात धुतल्यावाचून खात नाहीत आणि पोरांना जवळ येऊ देत नाहीत. ओल्या रीतीकडे पुष्कळ जण वळले त्याचे हे एक कारण.

आणि इतके करून लखलखाट आला, तरी त्याचा गोळीच्या नेमाशी फारसा संबंध नाही. घाण गेली, कचकच गेली, की काम झाले. झिलईचा खरा उपयोग हा की स्वच्छ अंगावर चीर दिसते. त्यातही बुडाजवळची चीर आतून सुरू होते, ती बाहेरच्या चकाकीला दाद देत नाही. तिच्यासाठी जुनी मंडळी टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवर फिरवतात आणि बोटाला खाच लागते का ते पाहतात. लष्कराची तऱ्हा तर ह्याहून निराळी. मान मऊ करण्यासाठी ज्योतीचा ताव दिला की तिथे निळसर-तपकिरी डाग पडतो. दुकानात विकायची काडतुसे घासून हा डाग घालवतात, गिऱ्हाइकाला चकाकी हवी असते म्हणून. अमेरिकन लष्कर तो डाग मुद्दाम ठेवायला लावते. ताव दिला की नाही हे तपासनिसाला नुसते पाहून कळावे, म्हणून.

आमच्या घरी देवघराच्या भिंतीपलीकडे गोठा होता. दोन गाई, एक म्हैस, कधी एखादे वासरू. कोनाडा त्याच भिंतीत, आणि त्याला हवेसाठी पलीकडे एक लहान झरोका. आषाढ-श्रावणात गोठ्याचा उग्र दर्प देवघरात येई आणि त्यावर उतारा म्हणूनच उदबत्ती दुप्पट लागे. ती खोचलेली असे पुंगळीत. उडवताना फुगलेली, आकसलेली, ताठलेली मान, कोकणचा पाऊस, आणि झरोक्यातून येणारा तो वारा. न्यायालयात हा पुरावा टिकेल की नाही मला ठाऊक नाही, पण माझ्यापुरता मी निर्दोष सुटलो आहे. ज्यांच्यासमोर सुटायला हवे होते त्या आजीला जाऊन मात्र पंधरा वर्षे झाली.

पुंगळी माझ्याकडे आहे. गेल्या दिवाळीत माझ्या धाकट्या मुलीने ती चिंचेच्या पाण्यातून काढली, पुसली, खिडकीशी धरली आणि विचारले, ‘‘बाबा, ही तुम्ही पाडलीत?’’

मी तिला पागा, पावसाळा, १९२१ साल, सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ज्या नजरेने माझ्याकडे पाहिले, ती थेट आजीची नजर होती.